जुनं धरण काढून नवीन बांधायचं म्हणजे नक्की काय काय करावं लागतं

आपल्या सांगली-साताऱ्याच्या पूर्व पट्ट्यात, म्हणजे आटपाडी, खानापूर, जत, कवठेमहांकाळ आणि तिकडं माण-खटाव, गावोगावी जे छोटे तलाव आहेत त्यातले कितीतरी 1972 च्या दुष्काळात कामावर आलेल्या माणसांनी बांधलेत. बायकांनी डोक्यावर पाट्या वाहिल्या, पुरुषांनी टिकाव मारले, त्यावर चार घास मिळाले आणि गावाला तलाव मिळाला. म्हणजे त्या कामाला आता पन्नास वर्षं उलटून गेली. त्याच्याही आधीचे आहेत, माणगंगेवरचा राजेवाडीचा तलाव 1876-77 च्या मोठ्या दुष्काळाच्या काळातला, येरळेवरचा नेर तलावपण इंग्रजांच्या काळातला. आणि आता एकेका गावात ग्रामसभेत विषय निघतोय की धरण जुनं झालंय, गळतंय, दुरुस्ती करायची का पाडून नवीन बांधायचं. निवडणुकीच्या तोंडावर तर हमखास निघतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा निर्णय नुसता भिंतीचा नाही. धरणाखाली कोण राहतं, सांडवा (तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट) किती पाणी सोडू शकतो, आणि काम चालू असताना दोन उन्हाळे गाव कशावर जगणार, ह्या तीन गोष्टींची उत्तरं टेंडर निघायच्या आधी मिळायला पाहिजेत. नंतर विचारून उपयोग नसतो, एकदा जुना भराव कापला की गावाच्या हातात काही राहत नाही.

आधी जुनं झालं म्हणजे काय झालं ते बघू. मातीच्या धरणातली माती काय म्हातारी होत नाही. चांगली दाबलेली काळी माती शंभर वर्षं तशीच राहते, तिला एक्सपायरी डेट नसते. जुन्या होतात त्या बाकीच्या गोष्टी. विमोचकाचं, म्हणजे तलावातनं पाणी सोडायच्या वाटेचं, लोखंडी गेट गंजतं, धरणाच्या पोटातून जाणारा पाईप किंवा दगडी मोरी चिरते, खालच्या बाजूचा वाळूचा फिल्टर गाळानं भरून बसतो, वरच्या, म्हणजे पाण्याकडच्या बाजूचं पिचिंग (उतारावरचं दगडी अस्तर) ढासळतं (आणि काही ठिकाणी पिचिंगचे दगड लोकांच्या घराच्या पायात आणि विहिरीच्या बांधकामात गेलेत हे पण खरंय). आणि एक गोष्ट डोळ्याला दिसत नाही, ती म्हणजे बांधताना पुराचा जो आकडा धरला होता तो. तो आकडा जुना झाला की भिंत कितीही मजबूत असली तरी धरण धोक्यात असतं.

म्हणून सांडव्यापासून सुरुवात करतो, कारण लोक सगळं बोलतात पण सांडव्याबद्दल बोलत नाहीत. मातीच्या धरणावरून पाणी वाहणं म्हणजे धरण संपलं, एवढं साधं गणित आहे. दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीवरून थोडा वेळ पाणी गेलं तर ती तग धरू शकते, पण मातीच्या भरावावरून एकदा ओढ लागली की खालच्या उतारावर घळ पडते, ती घळ मागं मागं सरकत माथ्यापर्यंत येते, आणि मग काही तासांत सगळं वाहून जातं. ते होऊ नये म्हणून बाजूला सांडवा काढलेला असतो आणि सांडव्याच्या पातळीपेक्षा धरणमाथा दोन-चार मीटर उंच ठेवलेला असतो. ही मधली उंची रिकामी पडलीय असं वाटतं खरं पण ती रिकामी नाही, ती पुरासाठी राखून ठेवलेली जागा आहे.

आणि आपण काय करतो? परतीचा पाऊस चांगला झाला, तलाव भरला, सांडव्यावरून पाणी जायला लागलं की कुणीतरी म्हणतं अरे वाया चाललंय, आणि सांडव्यावर वाळूची पोती रचली जातात, कुठं कुठं तर सिमेंटचा बांधच घातलेला असतो, दोन फूट पाणी जास्त साठतं, मोटारी महिनाभर जास्त चालतात, सगळे खुश. दुष्काळी भागातल्या माणसाला वाहतं पाणी बघवत नाही हे मी समजू शकतो, पण ते दोन फूट पुरासाठी राखलेल्या जागेतून उचललेले असतात. सांडव्याच्या पुढं जो चर ओढ्याला मिळतो त्यात ऊस लावणं हा त्याच्या पुढचा प्रकार. सांडवा कागदावर जेवढा रुंद तेवढा जागेवर नसतोच.

आता पुराचा आकडा कसा ठरतो ते सांगतो. छोट्या धरणांना, म्हणजे ज्यांचा साठा अर्धा ते दहा दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि पाण्याची उंची साडेसात ते बारा मीटर आहे अशांना, भारतीय मानकाप्रमाणं शंभर वर्षांतनं एकदा येणारा पूर धरतात. त्याच्यावरच्या मधल्या गटाला त्याहून मोठा पूर धरतात, आणि 60 दलघमीच्या वर साठा किंवा 30 मीटरच्या वर पाण्याची उंची असली की त्या खोऱ्यात जास्तीत जास्त जो येऊ शकतो तो पूर धरावा लागतो. शंभर वर्षांतनं एकदा म्हणजे आता आला की पुढची शंभर वर्षं निवांत, असं नसतं. दर वर्षी एक टक्का शक्यता असते. पन्नास वर्षांच्या धरणाच्या आयुष्यात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास 40 टक्के होते, कॅलक्युलेटरवर करून बघा. आणि 1972 च्या घाईत बांधलेल्या तलावांना तेव्हा किती वर्षांच्या पावसाची नोंद हाताशी होती हा प्रश्नच आहे. आपल्याकडं वर्षाचा पाऊस एकूण 500 मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून कमी, पण पडताना तो सरळ पडत नाही, सप्टेंबर-ऑक्टोबरमधे एका रात्रीत इतका पडतो की कोरडी माणगंगा सकाळी दुथडी असते. सरासरी बघून सांडवा ठरवता येत नाही.

गुजरातमधलं मच्छू-2 धरण हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. 11 ऑगस्ट 1979 ला ते फुटलं आणि मोरबी शहर वाहून गेलं, हजारो माणसं गेली. सांडव्याची रचना सेकंदाला साधारण 5,600 घनमीटर पाण्याची होती आणि पूर आला तो त्याच्या जवळपास तिप्पट. मातीचा भराव वरून पाणी जाऊन वाहिला. नंतर तिथंच नवीन धरण बांधलं तेव्हा सांडव्याची क्षमता जवळपास चौपट केली, 21,000 घनमीटरच्या आसपास. नाव तेच, पण सांडवा बदलला, कारण नडला तो सांडवाच होता.

दुसरी गोष्ट गळतीची, आणि इथं जरा थांबून बघायला पाहिजे कारण गळती म्हटलं की लोक एकतर घाबरतात नाहीतर दुर्लक्ष करतात. मातीचं प्रत्येक धरण गळतं. गळायलाच पाहिजे, कारण माती पाणी पूर्ण अडवत नाही, आतनं एक ओल खालच्या बाजूला येते आणि ती सुरक्षित बाहेर निघावी म्हणूनच फिल्टर आणि खालच्या पायथ्याला दगडी टो (दगडांचा बांध) केलेला असतो. प्रश्न दोनच, किती येतं आणि कसं येतं. नितळ पाणी येत असलं आणि वर्षानुवर्षं तेवढंच येत असलं तर काळजीचं काही नाही. गढूळ यायला लागलं म्हणजे पाण्याबरोबर धरणाची माती बाहेर पडतीय, आत नळी तयार होतीय, ती आतल्या बाजूनं पाण्याकडं सरकत जाणार. गढूळ पाणी दिसलं की त्याच दिवशी साठा कमी करायला घ्यायचा आणि खालच्या वस्तीला सांगायचं. सोमवारी ऑफिस उघडल्यावर बघू असं चालत नाही.

किती येतं हे मोजायला पायथ्याच्या चरात व्ही-नॉच बसवतात. लोखंडी पत्रा आडवा उभा केलेला, त्याला मधे इंग्रजी व्ही सारखी खाच, बाजूला सेंटिमीटरची पट्टी. खाचेतनं पाणी किती उंचीनं पडतं ते बघायचं आणि वहीत लिहायचं, लहान मुलालापण जमेल. पण त्यातली गंमत बघा, 90 अंशाच्या खाचेत पाणी 5 सेंटिमीटर असलं तर सेकंदाला पाऊण लिटर जातं, आणि 10 सेंटिमीटर झालं तर जवळपास साडेचार लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीच्या वर जातं. म्हणून नुसत्या नजरेनं बघून थोडं वाढलंय म्हणणारा माणूस फसतो. खूप तलावांवर ही खाच गवतात बुडालेली असते आणि कित्येक ठिकाणी बसवलेलीच नसते. मला विचाराल तर नवीन धरणाची मागणी करायच्या आधी गावानं पहिली मागणी ह्या पत्र्याची आणि त्या वहीची करावी, कारण वही नसली तर धरण बिघडलंय का नाही हे इंजिनियरला पण छातीठोक सांगता येत नाही.

धरणमाथ्यावरून एकदा पायी चालत गेलात तर अजून एक गोष्ट दिसंल. माथ्यावर आडवी, हातभर रुंद, जराशी खचलेली पट्टी. एक, मग पुढं दुसरी. ती शेतकऱ्यांच्या पाईपलाईनची असते. तलावातनं पाणी उचलायचं म्हणून माथा खणून पाईप टाकतात, परत माती ढकलतात, पण ती माती दाबलेली नसते, आणि बरोबर तिथनं पुराच्या वेळी पाण्याला वाट मिळते. असंच वेड्या बाभळीचं. झाड उभं असताना मुळं माती धरून ठेवतात असं वाटतं पण झाड वाळलं की मूळ आतल्या आत कुजतं आणि पोकळ नळी राहते. घुशी, खेकडे यांची बिळं हा पण खरा धोका आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवरून बरीच चर्चा झाली, पण तिथल्या लोकांनी गळतीची तक्रार आधी केलेली होती, आणि बिळं बुजवणं हे तर दरवर्षीच्या देखभालीचंच काम आहे. तिवरेचं धरण काही शंभर वर्षांचं नव्हतं, पंधरा-वीस वर्षांचं होतं. वयावर जाऊ नका.

आपल्या भागात एक नवीन गोष्ट घडलीय जी जुन्या तलावांच्या डिझाईनमधे कुणी धरलेली नव्हती. आधी हे तलाव तीन-चार वर्षांतनं एकदा भरायचे, जानेवारीत कोरडे पडायचे. आता टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी येतं, खटावात जिहे-कठापूरचं पाणी नेर तलावात येतं, आणि भर उन्हाळ्यात तलाव भरून घेतात. फार चांगली गोष्ट आहे, आमच्या पिढीनं टँकर बघितलेत म्हणून ह्या पाण्याची किंमत कळते. पण धरणाच्या दृष्टीनं बघितलं तर ज्या भरावाला वर्षातले चार महिने पाणी लागायचं त्याला आता दहा महिने लागतंय, भराव आतपर्यंत ओला राहतोय. आणि मधेच आवर्तन (योजनेचं पाणी सोडायची पाळी) संपलं, मोटारी लागल्या, पाणी भराभर खाली गेलं तर वरच्या बाजूचा ओला उतार घसरतो, कारण बाहेरचा पाण्याचा दाब गेला आणि आतलं पाणी अजून मातीतच आहे. उलटं पण होतं, काळी माती पूर्ण वाळून भेगाळलेली असते आणि एकदम पाणी सोडलं तर ते भेगांतनं शिरतं. म्हणून तलाव हळूहळू भरायचा आणि हळूहळूच उतरवायचा.

बरं, आता समजा तपासणी झाली आणि कळलं की धरण धोक्यात आहे. पुढं चार रस्ते असतात. पहिला दुरुस्ती, म्हणजे सांडवा रुंद करणं, खालच्या बाजूला फिल्टर घालून नवीन भराव टेकवणं, मोरीत आतनं पाईप किंवा अस्तर घालणं, विमोचक बदलणं. दुसरा, जुन्या धरणाच्या खालच्या अंगाला नवीन बांधणं. तिसरा, जुनं काढून त्याच जागी नवीन. आणि चौथा, ज्याच्याबद्दल कुणी बोलायला तयार नसतं, तो म्हणजे धरण उतरवणं, सांडवा खाली घेऊन साठा कमी करणं किंवा पूर्ण मोकळं करून ओढ्यावर छोट्या बंधाऱ्यांची साखळी करणं.

दुरुस्तीला कमी समजू नका. कोयनेचंच घ्या, 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानं एवढ्या मोठ्या भिंतीला चिरा पडल्या, तरी ती पाडली नाही, खालच्या बाजूनं काँक्रीटचा जाड आधार देऊन मजबूत केली, आधी बाजूचा भाग आणि मग कित्येक वर्षांनी सांडव्याचा भाग, आणि आज ती 100 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर पाणी धरून उभी आहे. ज्या धरणाची जागा चांगली, पाया चांगला आणि भराव दाबलेला आहे ते पाडणं म्हणजे पैशाची आणि पाण्याची नासाडी. पण पायाच कच्चा असंल, खाली वाळूचा थर आहे आणि कटऑफ ट्रेंच (पायाखालून पाणी जाऊ नये म्हणून खणून भरलेला चर) खडकापर्यंत गेलेलाच नाही, किंवा भराव नुसता टाकलेला आहे, थर देऊन पाणी मारून रोलर फिरवून दाबलेला नाही, तर वरून कितीही खर्च करा आतलं दुखणं जात नाही. हे बोअर मारून, मातीचे नमुने काढून कळतं, बघून कळत नाही.

उंची वाढवा म्हणणाऱ्यांसाठी एक हिशोब. 15 मीटर उंच मातीचं धरण, माथा 5 मीटर रुंद, वरचा उतार एकास तीन आणि खालचा एकास अडीच धरला तर पायथ्याला त्याची रुंदी 87 मीटरच्या पुढं जाते. फक्त एक मीटर उंची वाढवायची तर पायथा साडेपाच मीटर सरकतो आणि ती पट्टी धरणाच्या पूर्ण लांबीभर खालपासून वरपर्यंत भरत यावी लागते. वर एक थर टाकून उंची वाढत नाही. शिवाय वरच्या बाजूला बुडित क्षेत्र वाढतं, कुणाची तरी शेती नव्यानं जाते, आणि कृष्णा खोऱ्यात आहोत म्हणजे जास्तीच्या साठ्याला पाणी उपलब्धता प्रमाणपत्र लागतं. फाईल नाशिकला जाते आणि गाव वाट बघत बसतं.

खालच्या अंगाला नवीन बांधायची पद्धत आपल्या शेजारीच झालेली आहे. भोरजवळचं भाटघर, ज्याच्या पाण्यावर निरा उजव्या कालव्यानं फलटणची शेती फुलली, ते आज दिसतं ते मूळचं धरण नाही. मूळ धरण एकोणिसाव्या शतकातलं, आणि 1920 च्या दशकात त्याच्या खालच्या बाजूला मोठं लॉईड धरण बांधलं, 1928 च्या सुमारास ते पूर्ण झालं आणि जुनं धरण नव्याच्या पाण्याखाली गेलं. याचा मोठा फायदा असा की नवीन उभं राहीपर्यंत जुनं पाणी देत राहतं, घराचा खांब बदलताना आधी शेजारी टेकू लावतात तसं. तोटा असा की मधली जमीन जाते, आणि ती सगळ्यात चांगली, पाटाखालची बागायत जमीन असते.

त्याच जागी बांधायचं ठरलं तर कॅलेंडर नीट समजून घ्या. मातीकाम नोव्हेंबर ते मे एवढंच चालतं. पहिल्या वर्षी तलाव रिकामा करायचा, जुना भराव काढायचा, पाया खडकापर्यंत खणून भरून घ्यायचा, दोन्ही काठाकडचा भराव उभा करायचा आणि मधे ओढ्याला वाट ठेवून पावसाळा जाऊ द्यायचा. दुसऱ्या वर्षी ती मधली वाट बंद करायची, ह्यालाच घळभरणी म्हणतात, आणि हे काम एकाच हंगामात पूर्ण उंचीला न्यावंच लागतं. अर्धवट घळभरणीवर पावसाळा आला तर सगळं जातं. पानशेत आठवा, 12 जुलै 1961, मोरीचं काम पुरं झालेलं नसताना घाईनं पाणी अडवलं आणि पुणं बुडालं. म्हणून मार्च संपला आणि घळभरणी निम्म्यावर असली तर गावानंच ठेकेदाराला आणि अधिकाऱ्यांना विचारायला पाहिजे की पुढं काय.

म्हणजे सगळं वेळेत झालं, बिल वेळेत निघालं, सुप्रमाच्या (सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या) फाईलमधे काम अडकलं नाही, तरी दोन उन्हाळे तलाव नाही. ह्या दोन उन्हाळ्यांचं काय, हा प्रश्न अंदाजपत्रकात सहसा नसतो. पिण्याच्या पाण्याचा हिशोब करून बघू, माणशी दिवसाला 55 लिटर धरलं आणि गाव 3,000 वस्तीचं असलं तर वर्षाला सहा कोटी लिटर लागतं. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. म्हणजे एक दलघमीचा छोटा तलाव असला तरी गावाचं पिणं त्याच्या सहा टक्क्यात भागतं, तेवढं पाणी वेगळी विहीर, शेततळं, शेजारच्या योजनेचा पाईप असं करून आधी उभं करता येतं आणि ते धरणाच्या खर्चात धरायला लावायचं. शेतीचं तसं होत नाही. एक हेक्टर उसाला पाटपाण्यानं वर्षाला वीस-पंचवीस हजार घनमीटर पाणी जातं, म्हणजे तो अख्खा तलाव चाळीस-पन्नास हेक्टरात संपतो, आणि बाष्पीभवन वेगळं. दोन वर्षं ऊस लावू नका, ज्वारी-हरभऱ्यावर या, असं सांगणारा माणूस गावात कुणालाच नको असतो, पण ते आधी सांगणं आणि कारखान्याच्या नोंदी, सोसायटीची कर्जं त्या हिशोबानं लावणं हे उभा ऊस वाळवण्यापेक्षा बरं.

तलावावर जगणारे पण सगळे खातेदार नसतात. पाणी मागं सरकंल तशी ओल्या जमिनीवर गाळपेर करणारी कुटुंबं, मासेमारीची सोसायटी, तलावाकाठी मेंढरं पाजणारे धनगर बांधव, ह्यांची नावं सातबाऱ्यावर लागत नाहीत आणि नुकसानभरपाईच्या यादीतपण येत नाहीत. त्यांना ग्रामसभेत मुद्दाम बोलवावं लागतं.

आणि सगळ्यात अनपेक्षित गोष्ट विहिरींची. जुना तलाव जर पाझर तलाव असंल तर त्याचं कामच मुळात पाणी जमिनीत मुरवणं आहे. खालच्या दोन-तीन किलोमीटरमधल्या विहिरी त्या पाझरावर चालतात. नवीन धरण बांधताना इंजिनियर चांगलं काम करतो, खडकापर्यंत कटऑफ नेतो, ग्राउटिंग करतो (खडकाच्या फटीत सिमेंट भरतो), गळती बंद होते, तलाव मार्चपर्यंत भरलेला दिसतो आणि खालच्या विहिरी जानेवारीतच तळ गाठतात. कुणाचीच चूक नाही, पण ज्यांच्या विहिरी होत्या त्यांना पाटाचं पाणी मिळणार का, कुणाच्या हक्कानं, हे आधी लिहून घेतलं नाही तर धरण झाल्यावर गावात दोन तट पडतात. नवीन तलाव मुरवण्यासाठी का साठवण्यासाठी, हे डिझाईन सुरू होण्याआधी गावानं सांगायचं असतं.

गाळाचं पण इथंच बोलतो. धरण बदलायची वेळ आली का, ह्याचं अर्धं उत्तर कधी कधी गाळात असतं, साठा निम्म्यावर आलाय तो भिंतीमुळं नाही, गाळामुळं. गाळमुक्त धरण योजनेतनं गाळ काढला की साठा परत मिळतो आणि माळरानाच्या शेतीला माती मिळते. फक्त भिंतीच्या वरच्या पायथ्याला चिकटून जेसीबी लावू देऊ नका. तिथं बसलेला बारीक गाळ पाणी खाली झिरपायला अडवत असतो, तो खरवडला की गळती एकदम वाढते.

कायद्याचं थोडक्यात. धरण सुरक्षा कायदा 2021 हा 30 डिसेंबर 2021 पासून लागू आहे. 15 मीटरपेक्षा उंच सगळी धरणं त्यात येतात, आणि 10 ते 15 मीटरमधली पण येतात जर माथ्याची लांबी 500 मीटर किंवा साठा एक दलघमी किंवा त्याहून जास्त असंल. अशा धरणांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायची आहे, आणि जुन्या धरणांसाठी सुद्धा पाच वर्षांत आपत्कालीन कृती आराखडा तयार करायचा आहे. महाराष्ट्रात देशातली सगळ्यात जास्त मोठी धरणं आहेत, दोन हजारांच्या वर. पण आपले बरेच तलाव दहा मीटरच्या खालचे, त्यांना हा कायदा लागतच नाही, ते कुठं जिल्हा परिषदेकडं, कुठं मृद व जलसंधारणकडं, कुठं जलसंपदाकडं, आणि काही तर कुणाकडं आहेत हे गावाला माहीत नसतं. माझ्या मते इथंच खरा धोका आहे, कारण आठ मीटरचा तलाव फुटला तरी खालची वाडी जायला पुरेसा असतो. एकाच ओढ्यावर खालीवर तलाव असले तर वरचा फुटून खालच्यावर येतो, मग खालच्या धरणाचा सांडवा कितीही बरोबर असला तरी भागत नाही.

म्हणून पहिलं काम, तलाव कुठल्या खात्याकडं आहे ते शोधा, ग्रामसेवकाला किंवा तलाठ्याला विचारा, नाहीतर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. मागायचं काय तर शेवटच्या दोन तपासण्यांचे अहवाल, सांडव्याची मूळ लांबी-पातळी, डिझाईनला धरलेला पूर, आणि विमोचकाचं गेट शेवटचं कधी उघडून बघितलं त्याची नोंद. गेट उघडत नसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते करून घ्या, कारण रात्री पाणी उतरवायची वेळ आली तर तेवढा एकच रस्ता असतो, ते बंद असंल तर सायफन आणि पंप लावून पाणी काढेपर्यंत उशीर होतो.

दुसरं, धरण फुटलं तर पाणी कुठंपर्यंत येईल त्याचा नकाशा मागा. आराखड्यात तो असतो. नसला तर निदान शाळा, अंगणवाडी, ओढ्याकाठच्या वस्त्या, पूल हे धरून गावानं स्वतः एक यादी करावी, कुणाचं घर, घरात किती माणसं, फोन कुणाचा, अंथरुणाला खिळलेलं कोण आहे. ऊसतोड कामगारांच्या खोप्या नेहमी ओढ्याकाठी, मोकळ्या रानात पडतात आणि ते यादीत कधीच नसतात, ते धरा. रात्री फोन कुणी करायचा आणि त्यानं नाही उचलला तर दुसरा कोण, हे ठरवून भिंतीवर लिहा. नवीन धरण मंजूर होऊन उभं राहायला किती वर्षं लागतील ते आपल्या हातात नाही, तोवर ह्या जुन्याच भिंतीखाली राहायचंय. पावसाळ्यानंतरची तपासणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे होते, त्या दिवशी इंजिनियर साहेब येतील तेव्हा सरपंचांबरोबर खालच्या वाडीतली दोन माणसं, एक बाई आणि एक तरुण पोरगं, माथ्यावर आणि पायथ्याला पूर्ण फिरायला बरोबर पाठवा आणि अहवालाची कॉपी ग्रामपंचायतीत लावायला सांगा.